विमलअक्कांचे लग्नाआधीचे निबंध

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय – काय माहीत. ऐका फक्त.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. बीदरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो. गाव औराद. माझ्याबरोबरची पोरं पुण्या-हैदराबादेत जाऊन साहेब झाली, आणि मी इथंच कुजत पडलेलो. कुणी जरा शाबास म्हटलं की हुरळून जायचो. तेव्हा कायमच्या नेमणुका निघाल्या, आणि कुणाचे किती शोधनिबंध छापून आलेत ते बाहेरून तपासायचं ठरलं. परदेशातली एक संस्था जगभरच्या निबंधांच्या नोंदी नेटवर फुकट द्यायची. तिच्या एपीआयला आपल्या प्रोग्रामनं नाव पाठवायचं, की त्या नावाच्या सगळ्या नोंदी परत येतात. तो प्रोग्राम मी लिहिला. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. छाती कशी फुगली म्हणून सांगू!

वनस्पतिशास्त्राच्या विमलअक्का आपल्या विभागातल्या कायमच्या जागेसाठी वर्षानुवर्षं कंत्राटावर थांबलेल्या. माहेर खजुरीचं. तुरीच्या मर रोगावर उभी उमेद घातलेली. मला या कॉलेजात त्यांनीच चिकटवलं होतं – हेही सांगायलाच हवं ना?

माझ्या प्रोग्राममध्ये त्यांचे निबंध निम्मेसुद्धा येईनात. मुलाखतीच्या दोन दिवस आधी त्या लॅबमध्ये आल्या. चेहरा पार उतरलेला.

"बाबा, माझे जुने निबंध कामून दिसनात रे? छापून आलेत की ते!"

मला तिथल्या तिथं कळलं. लग्नाआधी त्या कानडी रिवाजानं नाव लिहायच्या – गावाचं आणि वडिलांचं आद्याक्षर, मग विमला. लग्नानंतर सासरचं आडनाव. मी एकच नाव पाठवलं होतं. आमच्या या सीमेवर अशी दोन-दोन नावं घरोघरी. माझ्या सख्ख्या बहिणीची आहेत. दुसरं नाव टाकलं की काम झालं असतं. पण मग प्राचार्यांना काय तोंड दाखवायचं? चुकलो म्हणायचं – मी?

म्हणालो, "अक्का, ती जर्नलं हलकी असतील. जगात कुणी मोजत न्हाई तसली."

"असं व्हय," म्हणाल्या. आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी ते दुसरं नाव टाकून पाहिलं. सगळे निबंध आले. चांगल्या-चांगल्या जर्नलांतले. अजून पूर्ण एक दिवस हातात होता. मी स्क्रीन बंद केली आणि चहाला गेलो. लाज वाटली का? छे. राग आला – त्यांचाच! बाईनं दोन नावं लावावीतच कशाला?

मुलाखतीत अक्कांनी छापील प्रती पिशवीतून बाहेरच काढल्या नाहीत. जागा दुसऱ्याला गेली. पुढं त्या आळंदकडं शाळेत लागल्या, संशोधन सुटलं ते सुटलंच.

एकदा बाजारात भेटल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तूर अजून मरते का.

"मरायलीय की. पण मला कुठं जमलं ते? हलकंच होतं बाबा माझं काम."

मी म्हणालो, "व्हय, अक्का."