कालवडीचा डावा डोळा

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि कुणी घरगुती उपाय सांगायला लागलं की माझा पारा चढतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या पाऱ्यापायीच झालं.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. पावसानं उघडीप दिली होती आणि इकडे हिंदी मुलखात खमरियाजवळच्या आमच्या घरामागे, गोठ्यात, माश्यांचा नुसता सुळसुळाट. पत्र्याखाली दोनच जनावरं, म्हातारी गाय आणि तिची दीड वर्षाची कालवड. सकाळी शेण काढायला गेले तर कालवड डावा डोळा मिटून उभी. गालावर पाण्याचा ओघळ आणि त्यावर माश्या बसलेल्या.

"डोळा काहून मिटून राहिली ही?" सासूबाई मागून येत म्हणाल्या. "थोडं मीठ वाटून फुंकते. आमच्या गावी तेच करत."

"आई, डोळ्यात मीठ? तुमच्या डोळ्यात फुंकू का?" मी म्हटलं. त्यांनी शेणाची पाटी उचलली.

मी फ्रिज उघडला. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची थेंबांची बाटली अर्धी उरली होती. त्या थेंबांनी त्यांच्या डोळ्याची लाली कशी झरझर उतरली, ते मी स्वतः पाहिलं होतं. मग काय, दिवसातून तीनदा, मोजून दोन थेंब. मान सासूबाई धरायच्या, थेंब मी टाकायची. कालवड झटके द्यायची, तर मी तिच्यावरही ओरडायची.

तिसऱ्या दिवशी बुबुळाच्या मधोमध साबुदाण्याएवढा निळसर पांढरा ठिपका दिसला. संध्याकाळपर्यंत सगळं बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं झालं. मी डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही. पुन्हा हलवला. आंधळं जनावर, तेही माझ्या हातून, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

सकाळी जनावरांच्या डॉक्टर आल्या. तरुण, चुणचुणीत बाई. त्यांनी डोळ्यात हिरवा रंग सोडला, पाण्यानं धुतला आणि टॉर्च मारला. डोळ्याच्या मध्यावर तेवढाच भाग हिरवागार चमकत राहिला.

"ये गड्ढा है," त्या म्हणाल्या. माश्यांच्या पायांवरून जंतू येतात, बुबुळावरचा काचेसारखा पडदा पोखरतात आणि त्या खड्ड्यात रंग अडकतो, असं त्यांनी समजावलं. "लेकिन तीन-चार दिन में इतना गहरा? कुछ डाला था क्या?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नमक फूंका था. मैंने."

डॉक्टर त्यांच्यावर चिडल्या. "माताजी, आँख में नमक?" माझेच शब्द, जवळपास तसेच. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मला काय वाटलं ते लिहायलाही लाज वाटते. मला हायसं वाटलं.

पण डॉक्टर पुन्हा डोळ्यात बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी जात नव्हती. मीठ समजून त्या उपचार करतील आणि चुकलं तर? मी आत जाऊन बाटली आणली आणि त्यांच्या हातात दिली.

"माँजी ने कुछ नहीं फूंका. ये मैंने डाला."

त्यांनी लेबल वाचलं. "दीदी, इसमें स्टेरॉइड है. सूजन तो उतरती है, पर घाव नहीं भरता और कीटाणुओं को खुला मैदान मिल जाता है." मग हळू आवाजात, "दो दिन और डालतीं तो आँख फूट जाती."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अँटिबायोटिकचं इंजेक्शन झालं. माश्या आणि ऊन अडवायला डोळ्यावर जुन्या जीन्सचा तुकडा चिकटवला. लागण नको म्हणून म्हाताऱ्या गायीला दूर बांधलं, तिचं तोंड पुसायला वेगळं फडकं ठेवलं. रोज सकाळी गोठ्यात गेले की मी आधी त्या तुकड्याकडे बघायची. त्या कापडाखाली डोळा उरलाय की नुसती खोबण, हेच मनात.

"खोटं काहून बोलल्या तुम्ही?" मी एकदा सासूबाईंना विचारलं.

"तू शिकवून राहिली न शाळेत," त्या म्हणाल्या. "तुले कोणी असं बोलावं, मले नाही पाहवलं."

दहा-बारा दिवसांनी कापड आपोआप सुटून पडलं. डोळा जागेवर होता. मधोमध पांढरा डाग आहे, तो आता जन्मभर राहणार. डागाच्या कडेनं तिला थोडंफार दिसतं, असं डॉक्टर म्हणतात.

सासूबाई गोठ्यात गेल्या की कालवड मान पुढे करते. माझी चाहूल लागली की ती अजूनही दोन्ही डोळे घट्ट मिटून घेते.