निम्मा कप, निम्मी टोपली

परवा मानवतच्या स्टँडवर अंगठ्याएवढ्या कागदी कपात चहा मिळाला आणि सेलूची कापसाची जिनिंग गिरणी आठवली. तिथं नाकातोंडात रुई जायची आणि सरकीचा तेलकट वास धुतलेल्या कपड्यांनाही यायचा. तेल, गॅस महागला म्हणून तिथल्या आम्ही मजुरांनी मजुरी वाढवून मागितली, तर मालक म्हणाले, "महागाई मला बी हाय की!" दुसऱ्या दिवसापासून मालकांकडून मिळणाऱ्या चहाचा कपच निम्मा झाला. आमच्यातली सगळ्यात म्हातारी मावशी कामाला लागली. तिनं कापसाची निम्मीच टोपली भरून डोक्यावर घेतली. मालक ओरडले, "अर्धीच का?" मावशी म्हणाली, "टोपलीला बी महागाई लागली, मालक." मग सगळ्यांच्याच टोपल्या निम्म्या झाल्या. संध्याकाळी मोठे कप परत आले. आम्ही इतके खूश झालो, की मजुरीचं विचारायचं राहूनच गेलं. ते परवा स्टँडवर लक्षात आलं.