एकाहत्तरावा जोड

सोमवारी दुपारी साडेबाराला माझा भाऊ दत्तात्रय अंथुर्ण्याला वारला. तो जेवत होता. विमान शेडमध्ये होतं.

तिसऱ्या वाक्याने कुणी गोंधळेल, पण मला बातमी साधारण याच क्रमाने कळली. बारामतीत माझ्या घरी फोन वाजला, पडद्यावर वहिनीचं नाव दिसलं, आणि "वन्सं, हे गेले ओ..." एवढं ऐकताच माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो असा, "बाहेर काढलं होतं का ते?" मग वहिनी म्हणाली, "काय बाहेर, वन्सं? ताटावर बसले होते. भाकरी मोडली आन् कलंडले." आणि मला... सात आठवडे हे मनात धरून बसले आहे, म्हणून आता लिहूनच टाकते. मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेल्याचं कळलं आणि क्षणभर का होईना, मला हायसं वाटलं, कारण तो माझ्या हातून गेला नव्हता. रडू त्यानंतर आलं.

दत्तात्रय, म्हणजे आमचा अण्णा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आधी एका साखर कारखान्यात आणि पुढे लोणी देवकरच्या एका कंपनीत त्याने जन्मभर वेल्डिंग केलं. मी बारामतीच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. आमच्यात धीट तो आणि भित्री मी, हे लहानपणीच ठरून गेलं होतं. कालव्याच्या पुलावरून तो उडी मारायचा आणि मी काठावर त्याचे कपडे पोटाशी धरून आकडे मोजत उभी राहायचे. वीसच्या पुढे मला कधी मोजावं लागलं नाही. तेवढ्यात त्याचं डोकं वर यायचंच, आणि तो ओरडायचा, "शैले, किती झालं गं?" त्याला वाटायचं मी त्याचा विक्रम मोजते आहे.

बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ विमानं उठतात, त्यातलं एखादं आमच्या उसावरून वळून परत जातं. अंथुर्ण्यात त्याचं कुणाला अप्रूप नाही. अण्णा मात्र हातातला घास तसाच धरून अंगणात यायचा. निवृत्त झाल्यावर त्याने परदेशातून टपालाने विमानाचे नकाशे मागवले आणि ती गुंडाळी घेऊन थेट माझ्याकडे आला. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं छोटं विमान. त्याचा सांगाडा पोलादाच्या नळ्यांचा, आणि त्या नळ्या घरच्या घरी, गॅसच्या ज्योतीने एकमेकींना जोडायच्या. सोबत इंग्रजी पुस्तक होतं. "वाच," तो म्हणाला. मी म्हटलं, "अण्णा, हे वाचायचं पुस्तक नाही, मरायचं आहे." तो म्हणाला, "मग हळू वाच."

दर रविवारी मी एसटीने अंथुर्ण्याला जायचे आणि शेडमध्ये खुर्चीवर बसून त्याला ते पुस्तक मराठीत सांगायचे. इंग्रजी माझं, हात त्याचे. पुस्तकातली नावं त्याने आठवड्याभरात हद्दपार केली. नाकापासून शेपटापर्यंत जाणाऱ्या चार लांब नळ्या म्हणजे वासे, त्यांच्यातल्या आडव्या नि तिरक्या, आणि जिथे त्या भेटतात तो जोड. घराचं छप्पर उभारायला सांगितल्यासारखं ते सगळं त्याला आपलं वाटायला लागलं. मला तसं वाटेना. बोटाएवढ्या जाड पोकळ नळ्या, त्यांची भिंत एक मिलिमीटरही नाही, आणि त्यावर माणसाने आकाशात जायचं... मी वाचता वाचता थांबायचे. तो कानस थांबवून विचारायचा, "पुढचं पान फाटलंय का?"

एका नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर नेमकं बसावं म्हणून तो ते कानशीने कोरत राहायचा. मग दोन्ही नळ्या एकमेकींना टेकवून उन्हात धरायचा. फटीतून उजेड दिसला की ती नळी बाद. शिवाय त्याचा एक नेम होता. रोज सकाळी चहाच्या आधी तो उरल्यासुरल्या तुकड्यांचा एक जोड करायचा, थंड होऊ द्यायचा, आणि पकडीत आवळून लांब पाइपाने वाकवून मोडायचा. नळी मोडली आणि जोड शाबूत राहिला, तरच त्या दिवशी सांगाड्याला हात लावायचा. जोड मोडला तर ज्योत पेटवायची नाही, शेतात जायचं. वहिनी म्हणायची, "ह्यांचा हात कधी बिघडला ते आमच्या वांग्यांना आधी कळतं." प्रत्येक जोडाला नंबर होता. वहीत नंबर, तारीख, आणि एखादा मनासारखा झाला नाही तर शेजारी दोन शब्द, 'कापून पुन्हा'.

इतक्या काटेकोर माणसाने पुढे जे केलं ते का केलं असेल, ह्याचा मी फार विचार केला आहे. तिसऱ्या वर्षीची भाऊबीज होती. मी ओवाळलं, हात पुढे केला, आणि त्याने खिशातून काळा चष्मा काढून ताटात ठेवला. वेल्डिंगचा.

"ह्या साली ओवाळणी ही," तो म्हणाला. "एक जोड तुझा."

मी हसले. वहिनी हसली नाही. "साठीला टेकलेल्या बाईच्या हातात आग देताय, तुमाला काय वाटतं का?"

"पुस्तक सगळं तिनं वाचलंय. तिचा हात लागायला नगं?"

आमच्याकडे घर बांधताना बहीण-लेकीच्या हातची एक तरी वीट बसवतात. कुणाच्या घराची भिंत त्या एका विटेने पडत नाही. अण्णाच्या मनात तेच असणार. पण हे घर नव्हतं. पुस्तकात बजावलेलं होतं की सांगाड्यात किरकोळ जोड असा नसतोच, आणि ते त्याला मीच वाचून दाखवलं होतं.

तीन दिवस त्याने मला शिकवलं. ज्योत निळी आणि टोकदार करायची, दोन्ही नळ्या सारख्या तापवायच्या, पोलाद पाण्यासारखं चमकलं की तारेचा थेंब सोडायचा. माझा थेंब दर वेळी भलतीकडेच पडायचा. तिसऱ्या दिवशी माझा तुकडा घेऊन तो शेडमागे गेला. पाइप आपटल्याचा आवाज आला. हात पुसत परत आला आणि म्हणाला, "नळी मोडली, जोड न्हाय. पास!" मी तुकडा पाहायला मागितला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकाहत्तरावा जोड केला. मागच्या बाजूला, जिथे एक तिरकी नळी खालच्या वाशाला मिळते तिथे. झाल्यावर त्याने पाठीवर हात ठेवला. मी चष्मा काढून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आले.

तेव्हापासून एकही दिवस असा गेला नाही की मला तो जोड आठवला नाही. ग्रंथालयात पुस्तकं लावताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, वरून विमान गेलं की हमखास. पुढच्या रविवारी मी त्याला म्हटलं, "काप तो. मी पाया पडते तुझ्या."

"ओवाळणी परत घेत्यात व्हय?" तो म्हणाला.

"मग तू बसू नकोस त्यात."

"मग कुणाला बसवू? तुला? मागची शीट तुझीच हाय की."

परवानगीचे कागद यायचे आहेत, तोवर नुसतं जमिनीवर पळवायचं, उडवायचं नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण वहिनी त्याच्या मापाची गादी शिवत होती, पंखांचं कापड येऊन पडलं होतं, आणि नुसतं पळवायला पंख कशाला लागतात ते मला कळत होतं.

सांगाडा पुरा झाल्यावर त्याने नळ्यांमध्ये जवसाचं तेल गरम करून ओतलं. आतून गंज धरू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे जोडाला सुईएवढं जरी छिद्र राहिलं असेल तर तिथून तेल पाझरतं. "चटणीचं तेल इमानाला पाजलं," वहिनी म्हणाली. सगळी शेड जवसाने घमघमली. त्यानंतर मी आले की आधी शेडमध्ये जाऊन पांढऱ्या रुमालाने एकाहत्तर नंबर पुसायचे. रुमाल कोरडा निघायचा. असं जवळजवळ वर्षभर. मग एका रविवारी रुमालावर पिवळट डाग आला, चिमटीएवढा. मी तो अण्णासमोर धरला. त्याने रुमाल उलटासुलटा केला, वास घेतला आणि म्हणाला, "डब्याला हात लागला आसंल तुझा." लागला नव्हता.

पुढच्या खेपेला गेले तर सगळा सांगाडा राखाडी रंगाने रंगवलेला. माझा डाग कायमचा झाकायला त्याने हे केलं, असं मला वाटलं. मी दारातूनच फिरले. त्यानंतर दीड वर्ष मी त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. अंथुर्ण्याला जायचे, वहिनीजवळ स्वयंपाकघरात बसायचे, भाजी निवडायचे, निघायचे. इंजिन बसवून पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी मी आत कानांवर हात दाबून बसले होते. शेवटचं भेटलो तेव्हा तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "चल की शैले, बघ तरी."

"मला भीती वाटते, अण्णा."

"मला न्हाय वाटत व्हय?" तो हसून म्हणाला. मीही हसले. भीती वाटणारा आमच्या घरात एकच माणूस होता, आणि तो मी होते. ह्यानंतर आठ दिवसांनी तो फोन आला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा अण्णाची मुलगी मीनल माझ्याजवळ येऊन बसली. ती लोणी देवकरच्याच एका कारखान्यात दुसऱ्यांनी केलेले जोड तपासायचं काम करते. म्हणाली, "आत्या, बाबांचं विमान मी पुरं करणार. आणि परवानगी मिळाली की मीच बसणार." वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला कालव्याचा पूल दिसला. पुन्हा मी काठावर, पुन्हा कपडे पोटाशी... मी मीनलला सगळं सांगितलं. जोड, डाग, रंग. ती उठून वही घेऊन आली.

एकाहत्तरसमोर त्याच्या अक्षरात होतं, 'शैला, भाऊबीज.' 'कापून पुन्हा' नव्हतं. पण खाली वेगळ्या शाईने, बारीक लिहिलेलं, 'झोप लागत नाही. दोन्ही बाजूंनी पत्रा दिला.' मीनलने शेडमधले खण उघडले. कानशींच्या खणात, वर्तमानपत्राच्या तुकड्यात, तीन दिवसांच्या माझ्या शिकवणीतला तो तुकडा होता. तो नळीशी मोडला नव्हता. जोडाशी मोडला होता, भाकरीसारखा सरळ. त्याने तो का टाकला नाही, हे मला ठाऊक नाही.

मग तिने एकाहत्तर नंबरवरचा रंग खरवडला. दोन्ही अंगांना दोन बोटं रुंदीचे तिकोनी पत्रे बसवले होते, त्यांच्या कडांचं वेल्डिंग त्याचं, एकसारखं, खवल्यांसारखं. मधे माझा ओबडधोबड जोड तसाच होता. त्याने माझी ओवाळणी काढून घेतली नव्हती. तिला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं. आणि हे केलं त्या वेळी तो घाबरलेला होता... मी दारातून फिरले नसते तर कदाचित त्याने दाखवलं असतं. दोन भित्री माणसं एका घरात होती आणि त्यातलं एक स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलं होतं.

"पत्र्याखाली काय आहे ते मला दिसत नाही, आत्या," मीनल म्हणाली. "कापू का? बाबांनी नाही कापला. तुम्ही सांगाल तसं."

वहिनी दारात येऊन उभी होती. "वन्सं, ओवाळणी हाय ती."

"त्याने परत घेतली नाही," मी म्हटलं. "मी देते परत. काप."

मीनलने पुढेमागे टेकू दिले आणि वीतभर तुकडा कापून काढला. जवसाचा वास सुटला. तिने तुकडा उभा चिरून मला दाखवला. एका बाजूला आतपर्यंत पोलाद एकजीव झालेलंच नव्हतं. नुसतं वरून चिकटलेलं होतं. मी ते दोन्ही भाग हातात घेतले. वहिनीने पाणी आणलं.

तुकड्याचे ते दोन भाग आता बारामतीला माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. मी रोज ते रुमालाने पुसते. रुमालाला अजून तेल लागतं. मीनल रविवारी फोन करते. ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक जोड करते, थंड होऊ देते, पकडीत आवळून वाकवते. तो अजून जोडाशीच मोडतो. एक दिवस नळी मोडेल आणि ती सांगाड्याला हात लावेल, हे मला माहीत आहे, आणि त्या फोनची मला भीती वाटते. तोवर सांगाडा शेडमध्ये टेकूंवर उभा आहे, आणि एकाहत्तर नंबरच्या जागी काही नाही.