अर्ध्यावर थांबलेला कप

खोडरबराच्या चुऱ्याला हीटरच्या उबेत एक गोडसर, जळकट वास येतो. कॅनडातल्या मिल्टन गावातल्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी दरवळायचा. खिडकीबाहेर पाचच्या सुमारास निळसर होत जाणारा बर्फ, हीटरच्या जाळीवर वाळत घातलेले ओले हातमोजे, आणि जेवणाच्या टेबलाशी वर्गसमीकरणं सोडवत बसलेली माझी अकरावीतली मुलगी, शेरॉन. तिच्यासमोर मी, हातात चहाचा कप घेऊन. बाहेरून पाहणाऱ्याला ते सुखी घराचं चित्र वाटलं असतं. मला मात्र सारखं वाटत होतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

कारण मेळच बसत नव्हता. घरच्या अभ्यासात प्रत्येक गणित बरोबर, आणि वर्गातल्या चाचणीत शंभरापैकी जेमतेम चाळीस! तिच्या शिक्षिकेने फार सौम्य शब्दांत कळवलं होतं की पुढच्या चाचणीतही असंच झालं, तर शेरॉनने सोप्या गणिताच्या वर्गात जावं. त्या वर्गातून इंजिनिअरिंगची वाट नाही, आणि या पोरीला तर आठव्या वर्षापासून पूल बांधायचे आहेत. तो निरोप वाचून ती वॉशरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. मी दाराबाहेर उभा होतो, पण दार वाजवायचं काही सुचलं नाही.

वसईला मी चौदा वर्षं गणित शिकवलं. इथे एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासतो. दिवसभर भिंगाखाली चीर शोधायची, आणि जो तुकडा निर्दोष दिसतो त्याच्याकडे दुप्पट संशयाने पाहायचं. हे काम अंगात भिनतं आणि कोटाबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. शेरॉनची स्वच्छ, सुबक वही मला तशीच दिसू लागली.

आधी फोनवर डोळा गेला. कॅमेरा गणितावर धरला की पायऱ्यांसकट उत्तर हातात ठेवणारी ॲप्स तेव्हा पोरांच्या फोनवर आली होती. मी फोन काढून घेतला आणि गाडीत कुलूपबंद केला. तरी गणितं बरोबर. मग पुस्तकामागची उत्तरांची पानं कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट बंद केली. तरी बरोबर! शेवटी एकदा तिच्या दप्तराचे कप्पे चाचपत होतो, तेव्हा माझी बायको लीना पायरीवर येऊन उभी राहिली. ‘‘पोरगी आहे ती आपली, चोर नव्हे,’’ एवढंच म्हणाली आणि ग्रोसरीच्या पिशव्या रिकाम्या करायला निघून गेली. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू? पण संशय काही उतरला नाही.

मग तो रविवार आला. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर कडक, पांढरं ऊन बर्फावरून उसळून थेट टेबलावर येत होतं. माझा चहा पिऊन झाला होता, कप सिंकमध्ये होता, आणि मी रिकाम्या हातांनी शेरॉनसमोर बसलो होतो. ती दुसऱ्याच ओळीवर अडली. पेन्सिल थबकली, नजर वर आली, आणि वहीकडे नव्हे, माझ्या हातांकडे गेली.

‘‘डॅडी, तुझा चहा कुठेय?’’

‘‘झाला की.’’

‘‘थोडा घे ना परत. प्लीज.’’

मी हसलो. मग तिच्याकडे नीट पाहिलं, तशी ती कानापर्यंत लाल झाली. ‘‘माझं चुकलं की यू स्टॉप ड्रिंकिंग,’’ ती पुटपुटली. ‘‘मग मी खोडते.’’

अरे देवा! म्हणजे इतके दिवस ही पोरगी समीकरण वाचतच नव्हती. मला वाचत होती. तिने फसवलं नव्हतं, तिला ठाऊकही नसेल कधीपासून हे सुरू झालं ते. ओठांशी येता येता थांबलेला कप पाहायचा, ऋणाचं धन करायचं, कप पुन्हा हलला की पुढे जायचं. चाचणीच्या बाकासमोर कुणी चहा पीत बसत नाही. आणि मला वसईचा तो वर्ग आठवला: बाकांमधून फिरताना मी एखाद्या वहीपाशी थांबलो, की ते पोर मान वर न करता खोडायला लागायचं. चपलांचा आवाज थांबला म्हणजे चुकलं, असं चौदा वर्षं किती पोरं शिकली असतील?

दुसऱ्या संध्याकाळी मी नवा चहा घेतला आणि तडक बेसमेंटमध्ये जाऊन बसलो. वर खुर्ची सरकली. खोडरबर घासलं. मग बराच वेळ काही नाही, आणि त्या शांततेत माझा जुना संशय लगेच कान टवकारून बसला: फोन शोधते आहे की काय? ‘‘डॅडी?’’ अशी हाक आली. मी ओ दिली नाही, आणि ते फार जड गेलं.

शेवटी ती उघडी वही माझ्याकडे धरून जिना उतरली. तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं होतं. मला ते दुरूनच दिसलं. तिची नजर सरळ माझ्या कपावर होती. मी घोट घेतला. मग दुसरा. तिला काहीच कळेना; कपाळावर आठी आली, आणि ती खालच्या पायरीवर बसून, बहुधा पहिल्यांदाच, स्वतःच्या वहीकडे संशयाने पाहू लागली.

चाचणी गुरुवारी होती. पेन्सिल पुन्हा चालू लागली, थांबली, चालू लागली. चहा केव्हाच संपला होता. मी रिकामाच कप पुन्हा पुन्हा ओठांना लावत बसलो होतो.