जीपचा पट्टा बदलणं, दोघांचं काम

लाखनीहून फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून कोणी बोलत होतं. "काकू, काका दुकानात बसल्या बसल्या कलंडले. दवाखान्यात नेऊन राहिलो आमी. तुमी या." त्या 'या'चा सूर असा होता की पुढचं काही विचारायचं धाडसच झालं नाही. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून मी पोचले, तोवर सगळं संपलं होतं. माझे यजमान, नामदेवराव, सकाळी पोहे खाऊन घरातून निघाले होते आणि जाताना "कांदा कमी पडला" एवढंच म्हणाले होते. इतक्या वर्षांच्या संसारातलं शेवटचं वाक्य काय, तर कांद्याबद्दल! दुकानदारानं नंतर त्यांची पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात चष्मा होता, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी होती आणि कागदात गुंडाळलेले दोन नवे पट्टे होते. आमच्या जीपच्या इंजिनचे.

हे फार कमी बोलत. जन्मभर वनखात्याची सरकारी जीप चालवली, जंगलातल्या वाटांवर साहेबांना फिरवलं. साहेब बोलायचे, हे ऐकायचे, तीच सवय घरीही आणली. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा खात्यातली माणसंही वाटली गेली आणि गाड्याही. यांच्या हातची जीप भंडाऱ्याकडे राहिली म्हणून हेही इकडेच राहिले, असं लोक गमतीनं म्हणत. मला ती गंमत वाटत नसे, कारण ते खरं असावं असा माझा पक्का संशय होता. पुढे तीच गाडी लिलावात निघाली आणि यांनी ती घरी आणली. मी तेव्हा गावच्याच शाळेत शिकवत होते. "मानूस बायकोले सोनं आणते, तुमी भंगार आणलं," असं मी म्हटलं, तर हे नुसते हसले. पण अड्याळपासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहतच नसे. चारही चाकांना जोर असलेली गाडी आसपास तेवढी एकच. बाळंतीण असो, साप चावलेला असो, माणसं आमच्याच दाराशी येत. मग माझं भंगार म्हणणं आपोआप बंद झालं.

त्या गाडीच्या इंजिनसमोर दोन पट्टे होते, शेजारी शेजारी, एकाच कामाला जुंपलेले. पंखा, पाण्याचा पंप, डायनॅमो, सगळं त्यांच्यावर फिरे. भाताच्या बांधीतल्या चिखलातून गाडी गेली की पट्टे घासत, आतून चिरा पडत, आणि सकाळी गाडी सुरू केली की असे किंचाळत की शेजारची म्हातारी उठून बसे. एक खराब झाला तरी हे दोन्ही बदलत. "जुन्या बैलासंगं नवा जुपला त सारा भार एकावर येते," असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी भाताच्या रोवणीच्या आधी हा कार्यक्रम ठरलेला. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून हाक यायची, "काय करून राहिली वं? ये ना बाहेर. पट्टा बदलाचा हाय."

माझं काम सोपं होतं. जुने पट्टे उतरवून नवे चढवले की डायनॅमोच्या मागे लोखंडी पहार अडकवायची आणि ती मी धरून ओढायची, म्हणजे पट्टे ताणले जात. तसं धरून ठेवलं की हे पान्यानं नट आवळत. मग मधोमध अंगठ्यानं दाबून पाहत. फार सैल नको, फार ताठही नको. "ओढ... आणखी... बस." एवढंच बोलणं. ग्रीस लागून माझी बोटं काळी होत, शाळेत पोरं बघत राहत. गल्लीत कोणीतरी हमखास म्हणे, "मास्तरीनबाई मिस्त्रीन झाल्या!" नवा पट्टा काही दिवसांत थोडा लांबतो, म्हणून परत ताणावा लागतो, हेही मला माहीत झालं होतं. पण आमचे पट्टे जरा जास्तच सैल होत. "इतके कसे वो लांबतात तुमचे पट्टे?" असं मी चिडून विचारलं की हे म्हणत, "रबर हाय. रबर लांबते."

आता आठवतं, यांनी मला जे काही सांगितलं ते सगळं त्या बॉनेटखाली वाकूनच. सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नाहीत. पाहुणे परतले आणि दुसऱ्याच दिवशी यांनी पट्टे काढले. मला तर ते चांगले दिसत होते. मी पहार धरून उभी, हे खाली मान घालून नट फिरवताहेत, आणि एकदम म्हणाले, "घरात आलो का मायच्या खाटेकडं नजर जाते..." मी काही बोलणार तोच, "ओढ." प्रमोद, आमचा मुलगा, पुण्याला नोकरी धरतो म्हणाला, तेव्हा तो मनातून तिकडचाच झालाय, हेही त्यांनी मला तिथंच सांगितलं. "जाऊ दे त्याले," म्हणाले, आणि नट मात्र इतका आवळला की पुढच्या खेपेला सुटता सुटेना.

यांच्यासाठी ठेवलेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. प्रमोद थोडे दिवस थांबला. "आई, तू एकटी. ते गाडी कायले ठेवतं? उभ्या उभ्या सडन," असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वरठीच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस गाडी घ्यायला तयार झाला. फक्त पट्टे ओरडतात ते बदलून द्या, म्हणाला. मी गाडी द्यायला हो म्हटलं, पण एक गोष्ट मनाशी धरली. यांनी शेवटच्या दिवशी आणलेले ते पट्टे माझ्याच अंगणात चढायला हवेत, आणि पहार मीच ओढणार. गाडी जायच्या आधी तेवढं एकदा माझ्या हातून व्हावं, दुसरं काही मला नको होतं.

लाखनीहून सलीम मिस्त्री आला. यांच्या ओळखीतला, पोक्त माणूस. मी पदर खोचून, पहार हातात घेऊन तयारच होते. त्यानं पट्टे चढवले आणि पहारीसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "मी ओढतो ना. तू नट आवळ."

"कायले काकू, हात खराब करता..." असं म्हणत त्यानं पहार माझ्या हातातून काढून घेतली, डायनॅमोमागे अडकवली, कमरेनं रेटून धरली आणि मोकळ्या हातानं नट आवळून टाकला. अंगठ्यानं दाबून पाहिलं. "झालं."

"असं कसं? याले दोन माणसं लागतात."

"दोन?" सलीम हसला. "नाही वो काकू. एकट्याचंच काम हाय हे. काका त माह्या दुकानासमोर कितीकदा एकट्यानंच करून गेले. जंगलात गाडी बंद पडली का कोन येते पहार धराले?"

खरंच, जंगलात कोण येणार होतं? इतकी वर्षं जंगलात गाडी चालवणाऱ्या माणसाला मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मला वाटे, माझ्यावाचून त्यांचं अडतं. त्यांचं माझ्यावाचून काहीच अडत नव्हतं. त्यांना मी तिथं हवी होते, आणि ते सांगायला त्यांच्याजवळ पट्ट्याशिवाय दुसरं निमित्त नव्हतं... प्रमोदनं विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, डोळ्यात धूर गेला." गाडी तर अजून सुरूही झाली नव्हती.

गाडी गेली. नव्या पट्ट्यांवर ती अगदी गुपचूप फाटकाबाहेर पडली. प्रमोदही परत गेला. काम असलं की लोक मला अजून बोलावतात. कोणाच्या नातीचा अभ्यास घ्यायचा असतो, कोणाच्या घरी पापड लाटायचे असतात. मी जाते. हात मोकळे असले की घरात बसून राहते. काहीही काम नसताना मला बाहेर बोलावणारा एकच माणूस होता, आणि ते मला तो गेल्यावर कळलं.