वळणावर धरलेला बोर्ड

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा हसायलाच. भूतबित या विषयात मी भलतीच कोरडी बाई आहे. जत्रेतल्या भूतबंगल्याचे पडदे आमच्याच दुकानात रंगले होते, हडळीचे दात मी स्वतः पिवळे केलेत. जिने हडळ रंगवली तिला हडळ कसली भिववणार! तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय याचं मला नवल वाटतंय...

मी पेणची. आमचं बोर्डांचं दुकान. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फलक, डोलवीच्या कारखान्यातल्या कंत्राटदारांचे सेफ्टीचे बोर्ड, असं सगळं. सुरू केलं आमच्या यांनी, विलासनी. मूळचे पेंटर, अक्षर असं काढायचे की गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून बघत राहायचं. गिऱ्हाइकासमोर मी त्यांना अहो म्हणायचे आणि शिडीवर चढले की थेट अरे. दोन वर्षांपूर्वी गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी बाहेर मांजराला दूध घालत होते.

आमची कामाची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रस्त्यावरच्या बोर्डाला अक्षर केवढं हवं ते घरी बसून ठरत नाही. हे जागेवर नमुना बोर्ड तोंडासमोर धरून उभे राहायचे आणि मी बोर्डाकडे बघत उलटी मागे मागे जायचे, कारण नजर माझी चांगली. ते ओरडायचे, "दिसतंय का गो?" मी म्हणायचे, "दिसतंय!" आणखी मागे. "आता?" "दिसतंय!" अक्षरं पुसट झाली की मी म्हणायचे, "बस." मग ते बोर्ड खाली घ्यायचे आणि वर यांचं तोंड दिसायचं — घामाघूम, हसणारं. तोवर बोर्डाखाली नुसते पाय. बाजारातली माणसं चिडवायची, "काय वहिनी, नवऱ्याला वाचताय का?"

रोह्याच्या पुढे, मुरुडच्या अंगाला अभयारण्य आहे. तिथले बोर्ड करायची यांची फार इच्छा. म्हणायचे, "बाजारातला बोर्ड कोण वाचतो गो? जंगलात माणूस थांबून वाचतो." दोनदा टेंडर भरलं, दोनदा हुकलं. या वर्षी पुन्हा निघालं. लेक ठाण्याला असते, ती म्हणाली, "आई, पुरे आता. दुकान बंद कर आणि इकडे ये." मी म्हटलं, एवढं एक काम होऊ दे. यांचं राहून गेलेलं काम होतं ते. मला ते हवंच होतं.

टेंडर भरायच्या आधी जागा बघून यावी लागते. पाऊस सरला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं. यांनी मागच्या खेपेला रंगवलेला नमुना बोर्ड मी व्हॅनमध्ये टाकला. त्यावर लिहिलेलं, "सावकाश! प्राणी रस्ता ओलांडतात." व्हॅन मीच चालवते. नागोठण्याहून वळले, नदीअलीकडच्या अष्टमी गावात चहा घेतला, पूल ओलांडून रोह्यात आले आणि पुढे घाटाचा रस्ता धरला. गेटवर वनरक्षक जाधव मॅडम होत्या. सोबत काशी, जवळच्या वाडीतली बाई. जंगलात रोजंदारीवर गवत कापायला, वाटा साफ करायला येते. माझ्या वयाचीच असेल, पण चालायला लागली की मी धापा टाकत मागे.

एकेक जागा बघत आम्ही पाणवठ्याजवळच्या वळणावर आलो. इथे जनावरं रस्ता ओलांडतात, म्हणून बोर्ड इथे महत्त्वाचा. तेवढ्यात मॅडमना कुठलासा फोन करायचा होता आणि रेंज नाही, म्हणून त्या वरच्या टेकाडावर गेल्या. काशी वळणाच्या अलीकडे सावलीत टेकली. बोर्ड धरायला कोणी नव्हतं. मी तो ऐनाच्या एका झाडाला टेकवला आणि सवयीने उलटी चालायला लागले.

"दिसतंय का गो?"

"दिसतंय!" मी म्हटलं.

मंडळी, मला काहीही वेगळं वाटलं नाही. आयुष्यभर ज्या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते तोंडातून गेलं, बस्स. मी मागे जात राहिले.

"आता?"

"आता पण! डावी बाजू पडलेय हो, वर घ्या जरा."

यांचा डावा खांदा उतरता होता, बोर्ड नेहमी डावीकडे कलायचा. त्यामुळे हे वाक्यही आमचं रोजचंच. आणि बोर्डाची डावी बाजू वर गेली.

तेव्हा माझे पाय थांबले.

बोर्ड झाडाला टेकलेला नव्हता. झाडाच्या पुढे होता, जमिनीपासून वर, आणि त्याच्याखाली दोन पाय. पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, यांची कामावरची सवय. चकचकीत ऊन होतं, कुठे धुकं नाही, अंधार नाही. अंगावर काटा आला असं लिहितात ना इथे सगळे? मला नाही आला. मला इतकं बरं वाटलं... दोन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. अगं बाई, हे आलेत की, एवढंच मनात आलं.

"दिसतंय का?" पुन्हा आवाज. जरा वैतागलेला, कारण मी उत्तर द्यायला उशीर केला होता.

तिथून अक्षर पुसट दिसत होतं. आता नियमाने "बस" म्हणायचं. म्हटलं असतं तर बोर्ड खाली आला असता आणि तोंड दिसलं असतं. आणि दिसलं नसतं तर? बोर्डामागे कोणीच नसतं तर? ते मला सोसलं नसतं. मी "दिसतंय" म्हणेन तोवर हे बोर्ड धरून उभे राहणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी खोटं बोलले. "दिसतंय!" म्हणून ओरडले आणि मागे गेले. "आता?" "दिसतंय!" बोर्ड म्हणजे नुसता पिवळा ठिपका राहिला होता, त्यात डोळ्यांत पाणी. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तरी माझं आपलं "दिसतंय, दिसतंय." असंच रोह्यापर्यंत मागे जायची माझी तयारी होती.

टाच दगडाला लागली आणि मी धपकन बसले. उठून बघते तर बोर्ड ऐनाच्या बुंध्याला टेकलेला, मी ठेवला तसा. धावत गेले. झाडामागे, खाली पाणवठ्यापर्यंत बघून आले. हाकाही मारल्या, नावाने मारल्या. कोणी नाही.

जाधव मॅडम टेकाडावरून उतरत म्हणाल्या, "ताई, तुम्हाला लागली की काय रेंज? केवढ्याने बोलत होता!" त्यांनी फक्त माझा आवाज ऐकला होता. पण काशी वळणावरून आली ती इकडेतिकडे बघत.

"तुझा घरवाला कुठं गेला गो बाय?"

"कोण?"

"अगो, मघाधरनं हाका मारत व्हता ना तो? दिसतंय का, दिसतंय का करून. तू पन ओ देत व्हतीस. मी बोलले, आला वाटतं मागनं."

मी तिला यांच्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "ते नाहीत गं आता." माझ्या साडीला लागलेली माती तिने झटकली आणि म्हणाली, "चल, पानी पी."

पेणला येईपर्यंत मी रडत होते. दुःखाने नाही, हे कसं सांगू... आपलं माणूस स्टेशनवर ओझरतं दिसावं आणि गाडी सुटावी, तसं.

मग टेंडर भरायला बसले आणि दरातून नफा काढूनच टाकला. काम मिळालं की खड्डे खणायला, खांब उभे करायला, पुढे देखभालीला त्या वळणावर जाता येणार होतं. मला दुसरं काही नको होतं. लेक म्हणाली, "आई, हा धंदा आहे की धर्मादाय?" म्हटलं, तू गप्प बस.

आणि कागदपत्रांतच बाद झाले. दराचं पाकीट उघडलंही नाही कोणी. दुकानाचा परवाना अजून यांच्याच नावावर आणि सही माझी, असं कसं चालेल? ऑफिसचं काही चुकलं नाही. दोन वर्षं सगळे सांगत होते नाव बदलून घे म्हणून. मी आज करते, उद्या करते. त्यांचं नाव काढून तिथे माझं घालायला माझा हातच होत नव्हता. यांना धरून ठेवायला गेले आणि त्या वळणावर जायचं कारणच घालवून बसले!

तिकीट काढून आत कोणालाही जाता येतं, तशी मी जाते. बोर्ड लागलेत, दुसऱ्या कोणी केलेत. काम बरं आहे, अक्षर जरा बारीक. वळणावर मी उभी राहते, उलटी चालते. फिरायला आलेली पोरं मोबाईल काढून हसतात. हसू देत. आवाज पुन्हा आलेला नाही.

जाधव मॅडम भास म्हणतात, लेक म्हणते ऊन लागलं. असेल बाई. मग काशीने काय ऐकलं? याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, आणि ते तुम्ही द्यावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. मला वेगळंच विचारायचंय. तुमच्यापैकी कोणाला आपलं गेलेलं माणूस असं एकदा भेटलं असेल, तर खरं तेच सांगा... ते दुसऱ्यांदा येतं का हो?