आक्कांनी सोडलेला गहू

पद्मावती आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, माहेर शिरोळचं. आमच्या पेठेत हुग्गी म्हटली की लोक त्यांचंच नाव घेतात. खपली गहू कांडून, गूळ-खोबरं घालून दाट शिजवलेली ही खीर. जैन मंदिरात पूजा असो की कुणाचं बारसं, पातेल्याजवळ आक्का हव्यातच. सगळ्यांना वाढून झालं की स्वतः वाटीभर खायच्या आणि मग पोट धरून बसायच्या. दुसरा दिवस अंथरुणात. गेल्या वर्षी तर इतक्या वाळल्या की बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

"पित्त हाय," आक्का म्हणायच्या.

"पित्त न्हाय, हावरटपणा हाय," त्यांचे यजमान भूपाल अण्णा म्हणायचे.

दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या लेकीनं, ऐश्वर्यानं, पुण्याहून तपासणीची एक पेटी ऑनलाइन मागवून दिली. बोट टोचायचं, कागदावरच्या गोलात रक्ताचे थेंब सोडायचे आणि वाळवून कुरिअरनं लॅबला पाठवायचं. गव्हातलं ग्लुटेन अंगाला सोसतं का, ते त्यातून कळणार होतं. आक्कांनी णमोकार मंत्र म्हणत बोट पुढं केलं, मी टोचलं. रक्त काही येईना.

"ह्यांच्यासंगट संसार करून आटलंय सगळं," आक्का म्हणाल्या. अण्णांनी पेपर वर धरला.

शेवटी कसेबसे थेंब पडले, कागद गेला आणि रिपोर्ट मोबाइलवर आला. काही दोष नाही. अण्णा खूश झाले.

"बघ, गव्हाचा काय संबंध न्हाय. कर की हुग्गी आज. पोटभर खा."

"करते. पण मी खाणार न्हाय. चातुर्मासाला गहू सोडलाय मी."

आषाढापासून घरात कुणाला पत्ता नाही. आक्का नियम घेतात तो देवापुढं, त्याची दवंडी पिटत नाहीत. रोज ज्वारीची भाकरी खात होत्या, आम्हाला वाटलं, आवडते म्हणून खातात.

फोनवर ऐश्वर्या वैतागली. "आई, पेटीतल्या कागदावर लिहिलंवतं, गहू खाणं चालू ठेवा म्हणून. आणि पथ्य काही नाही, असं मी फॉर्मात भरलं."

"मला विचारलंवतंस काय?"

"तू सांगितलंवतंस काय?"

दोघी मायलेकी एकसारख्याच. मी आक्कांना घेऊन संयोगिता डॉक्टरांकडं गेले.

"गहू सोसत नसला तर अंग त्याच्यावर रागावतं, त्या रागाच्या खुणा रक्तात दिसतात," डॉक्टर म्हणाल्या. "इतके महिने गहूच पोटात नाही, तर अंग रागावणार कुणावर? ह्या रिपोर्टावर जाऊ नका. आधी काही आठवडे गहू खा, मग आपण इथं नीट तपासू."

"आता खायाचा?"

"आता."

"मग न्हाय जमायचं. चातुर्मास संपू दे."

डॉक्टरांनी वाद घातला नाही.

दिवाळी झाल्यावर आक्का औषध घ्यावं तशा चपात्या खाऊ लागल्या. पुन्हा पोट फुगलं, पुन्हा अंथरूण धरलं. रक्त तपासलं, पुढं पोटात दुर्बीण घालून बघितलं. दोष निघाला.

"लग्नाकार्यात एखादी वाटी चालंल की?" आक्कांनी डॉक्टरांना विचारलं. खपलीही गहूच, हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"चमचाभरसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी मंदिरात हात जोडून त्यांनी गव्हाचा जन्माचा त्याग घेतला. मी म्हटलं, "आक्का, डॉक्टरांनी बंद केलाच आहे की. वर नियम कशाला?"

"डॉक्टरनं बंद केलाय म्हटलं की कोडोलीची विहीण म्हणणार, खावा वो, एका वाटीनं काय होतंय. आणि मी खाणार. नियम हाय म्हटलं की ती बी आग्रह करत न्हाय आणि माझी जीभ बी गप बसती."

आणि ह्या खेपेला त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं. अगदी दूधवाल्यालासुद्धा.

काल मंदिरात पूजा होती. पातेल्याजवळ आक्काच. हुग्गी दाटली तशी त्यांनी मला हाक मारली आणि चमचा पुढं केला.

"रूपाली, चाख. आणि खोटं सांगू नगं."

गूळ जरा कमी होता. तसं सांगितलं. त्यांनी आणखी गूळ घातला, घोटलं, पुन्हा चमचा पुढं केला. आता बरोबर होता.

पंगत उठल्यावर आक्का घरून आणलेलं भाकरीचं फडकं सोडून बसल्या. अण्णा वाटी घेऊन शेजारी आले. "झकास झाली बघ हुग्गी."

"मला काय सांगताय?" भाकरी मोडत आक्का म्हणाल्या. "रूपालीला सांगा."